माझा अनुभव: मॉडेलमधली झाडं रात्रीपण कार्बन खात होती

विदर्भातल्या सागवानाच्या जंगलासाठी लँड मॉडेल (झाडं, माती, पाणी, कार्बन यांचं गणित करणारा संगणक-प्रोग्राम) चालवत होतो, हवामानाचा डेटा ईआरए५-लँडचा (जगभरचा तासातासाचा तयार डेटा), आणि बघतो तर मध्यरात्रीसुद्धा प्रकाशसंश्लेषण चालू, माती कोरडीठाक! आठवडाभर पानांचे पॅरामीटर बदलत बसलो, सगळं फुकट. शेवटी नुसता सूर्यप्रकाशाचा ग्राफ काढला तर पहाटे साडेपाचला दर चौरस मीटरला जवळपास ७००० वॅट, अहो वातावरणाबाहेरसुद्धा १३६१च्या आसपास असतो!

कारण या डेटात ऊन ००:०० यूटीसीपासून (जागतिक प्रमाणवेळ, म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच) साठत जातं, तासाचं वेगळं नसतं, आणि आपल्या साडेपाचच्या आकड्यात आख्ख्या आदल्या दिवसाचं ऊन असतं. मी तो एका तासाचाच समजून फक्त ३६०० ने (तासाचे सेकंद) भागत होतो. आता आधी मागच्या तासाचा आकडा वजा करतो (०१:०० चा सोडून, तो तसाच ठेवायचा), मग भागतो. पावसाचंही तसंच साठतं, तेही सुधारलं. मातीतल्या कार्बनचा स्पिनअप (साठा स्थिर होईपर्यंत मॉडेल आधी चालवून घेणं) मात्र पहिल्यापासून करावा लागला.