माजलेले कुंपण आडवे घालताना

इंग्लंडच्या मिडलंड्स या मधल्या भागातील हॉथॉर्न आणि ब्लॅकथॉर्न या काटेरी झुडपांची शेतकुंपणे वर्षानुवर्षे हात न लावता सोडली, की ती दोन-तीन पुरुष उंच जातात, शेंड्याला दाटतात आणि बुंध्याशी मात्र इतकी विरळ होतात की मेंढी सहज आरपार जाते. असे कुंपण नुसते वरून छाटून भागत नाही. प्रत्येक खोड बुंध्याशी चिरून आडवे निजवावे लागते. कोकणातली वाळक्या काट्यांची वई पुन्हा पुन्हा घालावी लागते, तर हे कुंपण जिवंत राहून स्वतःच भरून येते.

हे काम पानगळीनंतर हाती घ्यावे आणि पक्षी घरटी बांधू लागण्यापूर्वी उरकावे. वापरातले घरटे जाणूनबुजून मोडणे तेथे १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे. आधी वेली, मेलेले लाकूड आणि आडव्यातिडव्या फांद्या काढाव्यात. जुन्या खोडात तार रुतलेली असू शकते, म्हणून करवत लावण्यापूर्वी बुंधा नीट तपासावा. ब्लॅकथॉर्नचा काटा मोडून आत राहिला तर जखम चिघळते, त्यामुळे जाड चामडी हातमोजे आणि चष्मा हवाच.

खरे कसब घावात आहे. खोड ज्या दिशेला निजवायचे, तिच्या विरुद्ध बाजूने, जमिनीपासून खोडाच्या जाडीच्या तिप्पट-चौपट उंचीवर सुरुवात करून, कोयत्याने किंवा कुऱ्हाडीने खाली उतरता लांब घाव घालत जावे. शेवटी साल आणि तिच्या आतले थोडे ओले लाकूड एवढीच पट्टी उरली पाहिजे, कारण त्याच पट्टीतून खोडाला पाणी पोचते. नवख्या माणसाचा हात इथेच कचरतो. तो पट्टी जाड ठेवतो, मग खोड वाकत नाही आणि ओढताना उभे फाटते. पट्टी पुरेशी पातळ झाली की खोड हलकेच करकरत हाताच्या दाबाने खाली येते. उतारावर ते नेहमी चढाकडे निजवावे. मागे उरलेला खुंट जमिनीलगत तिरपा कापावा, म्हणजे पाणी साचत नाही आणि जोमदार धुमारे तेथूनच फुटतात.

नंतर सुमारे ४५ सेंटिमीटर अंतरावर मेखा ठोकाव्यात आणि त्यांच्या माथ्यावर हेझल नावाच्या झुडपाच्या लांब, लवचीक काठ्या वेणीसारख्या गुंफाव्यात. कोवळे धुमारे गुरांना फार आवडतात, म्हणून पहिली दोन-तीन वर्षे गुरे दूर ठेवावीत. मेखा पुढे कुजतात, पण तोवर कुंपणाला त्यांची गरज उरलेली नसते.