बडोद्यातील न्यायाधीशाची कारकीर्द कशी लिहावी

घरातील किंवा ज्ञातीतील एखाद्या न्यायाधीशाचा परिचय स्मरणिकेसाठी लिहायला घेतला की लोक बहुधा आठवणींपासून सुरुवात करतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. न्यायाधीशाची नेमणूक, बदली, बढती आणि निवृत्ती हे सारे लेखी आदेशाने होते. म्हणून आधी आदेश मिळवावेत, त्यांची तारीखवार यादी करावी आणि मगच आठवणींना त्या यादीत जागा द्यावी.

बडोद्यात हे काम अधिक किचकट होते, कारण एकाच माणसाच्या सेवेत तीन राजवटी येऊन गेलेल्या असू शकतात. गायकवाडी राज्य 1 मे 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि 1 मे 1960 रोजी गुजरात राज्य व त्याचे उच्च न्यायालय अस्तित्वात आले. साहजिकच, 1940 च्या दशकात मुन्सफ (सर्वांत खालच्या पायरीचे न्यायाधीश) म्हणून रुजू झालेल्या गृहस्थांची पहिली नेमणूक बडोदे सरकारच्या आज्ञापत्रिकेत (संस्थानच्या राजपत्रात), मधली वर्षे मुंबई सरकारच्या राजपत्रात आणि शेवटची गुजरातच्या राजपत्रात शोधावी लागते. विलीनीकरणानंतर नोंद सापडत नाही म्हणून त्यांनी नोकरी सोडली असावी, असा तर्क मुळीच करू नये.

संस्थानी काळासाठी आज्ञापत्रिकेबरोबर राज्याचे वार्षिक प्रशासन अहवाल पाहावेत. त्यांत न्यायखात्याचे स्वतंत्र प्रकरण असते. मात्र एक गोष्ट कटाक्षाने ध्यानात ठेवावी, ती म्हणजे अहवालाचे वर्ष 1 ऑगस्टला सुरू होऊन 31 जुलैला संपत असे. जून 1911 मधील घटना त्यामुळे 1910-11 च्या अहवालात येते, तर त्याच वर्षीच्या सप्टेंबरातील घटना 1911-12 च्या अहवालात. जानेवारी ते डिसेंबर असे वर्ष धरून शोधणाऱ्याला हवी ती नोंद ‘नाही’ असे वाटते, आणि ती असते शेजारच्या खंडात. बडोद्यातील ‘कोठी’ या सरकारी इमारतीच्या दप्तरखान्यातील जुनी कागदपत्रे मोडीत असली, तर मोडी वाचणाऱ्या जाणकाराला सोबत घ्यावे. अंदाजाने वाचलेली तारीख न वाचलेल्या तारखेपेक्षा अधिक नुकसान करते.

पदनाम त्या त्या काळातलेच लिहावे. संस्थानात मुन्सफ, त्यावर प्रांत न्यायाधीश, त्यावर वरिष्ठ न्यायालय आणि सर्वांत वर महाराजांना सल्ला देणारी हुजूर न्यायसभा अशी उतरंड होती. प्रांत न्यायाधीशाला सोयीसाठी ‘आजच्या भाषेत जिल्हा न्यायाधीश’ असे एकदा समजावून सांगावे, पण पुढे मूळ पद बदलू नये. अब्बास तय्यबजी बडोद्याच्या वरिष्ठ न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. 1930 साली गांधीजींच्या अटकेनंतर धारासणा सत्याग्रहाची धुरा त्यांच्याकडे आली, म्हणून त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्यांना मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती म्हटले, तर संपूर्ण लेखावरचा विश्वास उडेल. गुजरातेत 2005 च्या सेवानियमांपासून दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ दिवाणी न्यायाधीश आणि जिल्हा न्यायाधीश असे तीन संवर्ग आहेत, आणि अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश व प्रधान जिल्हा न्यायाधीश यांतील फरकही पुसून टाकू नये.

आजच्या न्यायाधीशांसाठी जिल्हा न्यायालयाचे आणि उच्च न्यायालयाचे संकेतस्थळ पुरेसे असते. प्रत्येक टप्प्याला आदेशाची तारीख, तो प्रसिद्ध झाल्याची तारीख आणि प्रत्यक्ष पदभार स्वीकारल्याची तारीख अशा तीन तारखा असतात, आणि कारकिर्दीत तिसरी तारीख लिहावी. हा काथ्याकूट का करायचा, हे एका उदाहरणावरून पटेल. गुजरातेतील 68 न्यायाधीशांच्या बढत्यांना सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये स्थगिती दिली आणि मे 2024 मध्ये त्या बढत्यांची पद्धत वैध ठरवली. ज्याने केवळ बढतीचा आदेश पाहून परिचय छापला असेल, त्याच्या लेखात मधल्या वर्षाचा पत्ताच नसेल. माहितीच्या अधिकारात नेमणुकीच्या तारखा व ठिकाणे मागता येतात. गोपनीय शेरे, कारणे दाखवा नोटिसा किंवा प्राप्तिकराची विवरणपत्रे मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 च्या निकालानुसार वैयक्तिक माहितीत मोडतात. घरचा पत्ता आणि दूरध्वनी तर मिळाला तरी छापू नये.

आता निवडणुकीविषयी, कारण ‘साहेब निवडून आले होते’ असे वाक्य घरोघरी ऐकू येते. भारतात न्यायाधीश निवडणुकीने होत नाहीत. जिल्हा न्यायाधीशाची नेमणूक घटनेच्या अनुच्छेद 233 नुसार राज्यपाल उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने करतात, आणि वकिलांतून थेट येणाऱ्याला किमान सात वर्षांची वकिली लागते. निवडणूक झालीच असेल तर ती त्याआधीची, वकील मंडळाची किंवा गुजरात बार कौन्सिलची असणार. मंडळाच्या निवडणुकीचे निकाल मंडळाच्या इतिवृत्तात पाहावेत. बार कौन्सिलची निवडणूक 1961 च्या अधिवक्ता अधिनियमानुसार एकल संक्रमणीय मतपद्धतीने होते. मतदार पसंतीक्रम लिहितो आणि ठरलेल्या कोट्यापेक्षा जास्त झालेली मते पुढच्या पसंतीकडे सरकतात. त्यामुळे पहिल्या पसंतीची मते आणि अंतिम मते वेगवेगळी लिहावीत, नाहीतर पहिल्या पसंतीत मागे पडलेला उमेदवार अखेर निवडून कसा आला, हे वाचकाला उमगणार नाही.

बडोद्यातील अनेक कुटुंबांची मुले अमेरिकेत स्थायिक आहेत, आणि तिथल्या एखाद्या मराठी न्यायाधीशाविषयी लिहायचे झाले तर निवडणूक हाच कारकिर्दीचा कणा ठरू शकतो. टेक्सासमध्ये जिल्हा न्यायाधीश पक्षाच्या चिन्हावर, चार वर्षांसाठी निवडले जातात; मिझुरीने 1940 मध्ये स्वीकारलेल्या पद्धतीत आधी नेमणूक होते आणि पुढे मतदार फक्त ‘ठेवावे की नाही’ एवढेच ठरवतात. म्हणून पक्षांतर्गत प्राथमिक फेरी, मुख्य निवडणूक आणि मध्येच रिक्त जागेवर झालेली नेमणूक या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात आणि आकडे काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) निवडणूक कार्यालयाने प्रमाणित केलेलेच घ्यावेत. मतमोजणीच्या रात्रीचे आकडे घेऊ नयेत. टेक्सासमधील ‘काउंटी जज’ मुख्यतः काउंटीचा कारभार पाहतो, हेही तपासून घ्यावे. नुसत्या पदनामावरून त्याला न्यायाधीशांच्या यादीत बसवण्याचा मोह आवरावा.

यादी पुरी झाली की दोन नोंदींमधील रिकाम्या जागा पाहाव्यात. प्रतिनियुक्ती, दीर्घ रजा किंवा एखाद्या न्यायाधिकरणावरील नेमणूक बहुधा तिथेच दडलेली असते, आणि कुटुंबीयांना विचारायचे नेमके प्रश्नही तिथेच मिळतात.