हार्ट फेल्युअरचा पेशंट घरी आला, आता परत ॲडमिट करायची वेळ येऊ नये म्हणून काय काय बघायचं

डिस्चार्ज झाला की घरच्यांना वाटते सुटलो एकदाचे. पण या आजारात (म्हणजे हृदयाचा पंप कमजोर पडण्यात) घरी आल्यानंतरचा पहिला महिनाच सगळ्यात नाजूक राहते. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटांपैकी साधारण चार-पाच जणांत एक जण ३० दिवसांच्या आत परत दवाखान्यात भरती होतो, आणि तिथल्या सरकारने तर २०१२ पासून जास्त पेशंट परत येणाऱ्या हॉस्पिटलांचे पैसे कापायला सुरुवात केली, इतका हा प्रश्न मोठा आहे. आपल्याकडे हा आजार त्यांच्यापेक्षा कमी वयात होते, म्हणजे बऱ्याचदा घरचा कमावता माणूसच आडवा होते. यातल्या बऱ्याच भरत्या टाळता येतात, आणि ते काम बरंचसं घरच्यांच्या हातात आहे, म्हणून हे सगळं सविस्तर लिहून राहिलो.

पहिलं काम दवाखान्यातून निघायच्या आधीचं

डिस्चार्जच्या दिवशी बिल, इन्शुरन्स, महात्मा फुले योजनेचे कागद, गाडी बोलावणं यातच सगळे अडकून राहतात आणि पेशंटबद्दल विचारायचं राहून जाते. तेव्हा आदल्या दिवशीच विचारून घ्या. आजचं वजन किती आहे आणि हेच नॉर्मल धरायचं का? पायावर, पोटात सूज उरली आहे का? कारण शरीरात पाणी शिल्लक असताना घरी आणलेला पेशंट लवकर परत जाते, हे परत भरती होण्याचं एक मोठं कारण आहे. लघवीचं औषध (अंगातलं जास्तीचं पाणी काढणारं) इंजेक्शनवरून गोळीवर कधी आणलं आणि त्यावर पेशंट ठीक राहिला का? क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी), पोटॅशियम, सोडियम, हिमोग्लोबिन किती? ईएफ, म्हणजे इकोत दिसणारी हृदयाची पंप करायची टक्केवारी, किती? हे सगळं एका कागदावर लिहून ठेवा, पुढे फोनवर कोणी डॉक्टर विचारेल तेव्हा हेच कामी येते.

आणि पुढची तारीख घेऊनच निघा, सात ते चौदा दिवसांच्या आतली. "महिन्याने दाखवा" असं कोणी म्हटलं तर नम्रपणे विचारा की डॉक्टर, थोडं आधी येऊ का? आपल्या नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत, मेडिकलमध्ये (सरकारी मेडिकल कॉलेज), सुपर स्पेशालिटीमध्ये जे पेशंट येतात त्यातले कितीतरी गोंदिया, भंडारा, गडचिरोली, छिंदवाडा, बालाघाटचे राहतात, त्यांना दर आठवड्याला नागपूर गाठणं शक्य नाही. अशांनी गावाजवळचा एक एमडी डॉक्टर आधीच ठरवून ठेवायचा, बीपी, वजन आणि रक्ताची तपासणी तिथे करायची आणि रिपोर्ट इथल्या डॉक्टरला पाठवायचे.

आपल्या पेशंटला धोका किती, हे ओळखून घ्या

मागच्या सहा महिन्यांत आधी एकदा भरती झालेला असेल तर धोका सरळ वाढलेला समजा. त्याच्यासोबत किडनी कमजोर असेल, शुगर असेल, दमा किंवा सिगारेटने खराब झालेली फुप्फुसं असतील, रक्त कमी असेल, हृदयाचे ठोके अनियमित असतील, बीपी खूप कमी राहत असेल, तर एकेक गोष्ट वरून भर घालते. यात रक्त आणि लोहाकडे लोक फार दुर्लक्ष करतात. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरात लोह कमी असू शकते, त्यासाठी फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनची वेगळी तपासणी लागते, आणि या आजारात लोहाच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, शिरेतून द्यावं लागते. डॉक्टरला स्वतःहून विचारा.

आणि एक धोका रिपोर्टमध्ये दिसत नाही, तो म्हणजे एकटेपणा. पोरं पुण्याला, बंगलोरला, आणि इथे दोघं म्हातारे, त्यातल्या एकाला विसरायला होते. किंवा पेशंट उदास आहे, जेवत नाही, गोळी नको म्हणते. हा धोका किडनीच्या रिपोर्टइतकाच खरा आहे.

रोज सकाळी वजन

सगळ्या उपायांत मला हा सर्वात मोलाचा वाटते आणि सर्वात स्वस्तही आहे. हृदयाचा पंप कमजोर पडला की किडनी पाणी धरून ठेवते, ते पाणी आधी वजनात दिसते, मग पायात, मग छातीत. बऱ्याच पेशंटांमध्ये भरती व्हायच्या निदान आठवडाभर आधीपासून वजन चढायला लागलेलं असते, म्हणजे आपल्या हातात तेवढे दिवस राहतात!

सकाळी उठल्यावर, संडास-लघवी झाल्यावर, चहा घ्यायच्या आधी, रोज सारखेच हलके कपडे घालून, तोच काटा, आणि काटा फरशीवर, गादीवर नाही. आकडा कालनिर्णयच्या चौकटीत लिहून टाका. एका दिवसात एक किलोच्या वर किंवा तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन, "उद्या पाहू" करायचं नाही. काही पेशंटांचं वजन न वाढताही त्रास वाढते, तेव्हा बाकी खुणाही पाहत राहा: चप्पल घट्ट होणं, थोडंसं खाल्लं की पोट भरल्यासारखं वाटणं, झोपल्यावर खोकला, काल एका उशीवर झोपणारा माणूस आज तीन उशा मागून राहिला.

मीठ आणि पाणी

दिवसभराचं सगळं मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभर, आणि त्यात भाजी, वरण, पोळीच्या कणकेतलं सगळं आलं. आपल्या नागपुरात हे कठीण आहे, खरं सांगतो. तर्री-पोहे, सावजीचा रस्सा, लोणचं, पापड, कुरड्या, वरून चिवडा-शेव. वरून मीठ घेणं बंद केलं म्हणजे झालं असं लोकांना वाटते, पण खरं मीठ पापड-लोणच्यात, फरसाणात आणि बेकरीच्या मालात लपलेलं राहते. पेशंटची भाजी वेगळी काढून घ्या, लिंबू, जिरं, कोथिंबीर, लसूण, आमचूर टाकून चव आणा, काही आठवड्यांत जीभ सवय करून घेते. बाजारात मिळणारं लो सोडियम मीठ मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम राहते, आणि स्पायरोनोलॅक्टोनसारख्या पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या चालू असताना पोटॅशियम चढलं की ठोके बिघडतात. किडनी कमजोर असेल तर नारळपाण्याचंही तसंच.

पाणी किती प्यायचं ते प्रत्येकाचं वेगळं, डॉक्टरने दीड-दोन लिटर सांगितलं असेल तर सकाळी तेवढ्याची बाटली भरून ठेवा आणि चहा-ताक-वरणाचं पाणीही त्यातच मोजा.

गोळ्या

बरं वाटायला लागलं की गोळी बंद, हे मी कितीतरी घरी पाहिलं. बरं वाटून राहिलं ते त्या गोळ्यांमुळेच! ईएफ कमी असलेल्यांसाठी आता चार प्रकारची औषधं मुख्य धरतात आणि ती लवकर सुरू करून पटापट पूर्ण डोसपर्यंत नेली तर फायदा होते. २०२२ च्या स्ट्राँग-एचएफ नावाच्या अभ्यासात दोन आठवड्यांत डोस वाढवून वारंवार तपासलेल्या पेशंटांपैकी सहा महिन्यांत सुमारे १५ टक्के लोक दगावले किंवा परत भरती झाले, नेहमीच्या पद्धतीत तेच २३ टक्के. म्हणून "डोस वाढवायचा का" हे दर वेळी विचारा. खर्च झेपत नसेल तर लाजू नका, डॉक्टरला सांगा, जनऔषधीत बरंच स्वस्त पडते. त्या चारांतली डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मुळात शुगरची औषधं, त्यांची पेटंटं संपल्यावर त्यांचे भावही खूप उतरले.

आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकल स्टोअरमधून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफेनॅक आणू नका, ह्या गोळ्या शरीरात पाणी धरून ठेवतात आणि किडनीवर भार टाकतात. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्याही नाही, त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकते. पाण्यात विरघळणाऱ्या फसफसत्या गोळ्यांमध्येही सोडियम भरपूर राहते.

नागपूरचा उन्हाळा

इकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, नवतपात तर विचारूच नका. घाम जाते, वरून लघवीची गोळी, मग बीपी पडते, चक्कर येते, क्रिएटिनिन चढते. उलटी-जुलाब झाले तर त्याच दिवशी फोन करून विचारा की लघवीची गोळी आणि ते शुगरवालं औषध (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन) चालू ठेवायचं का. ओआरएस, मीठ घातलेलं पन्हं मनाने देऊ नका, त्यात मीठ आहे. उन्हाळ्यात वजन एकदम दोन किलो उतरलं तरी कळवायचं.

हिवाळ्यात उलटं, सर्दी-ताप छातीत उतरते आणि पेशंट परत आत. फ्लूची लस दरवर्षी, आणि न्यूमोनियाची लस घेतली का ते एकदा विचारून घ्या.

डॉक्टरला फोन नाही, सरळ १०८ ची ॲम्ब्युलन्स

बसल्या जागी दम लागणं, गुलाबी फेसाळ थुंकी, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, बोलण्यात गोंधळ, ओठ निळे पडणं. गाडी येईपर्यंत पेशंटला बसतं ठेवा, आडवं करू नका (शुद्ध हरपली असेल तर मात्र कुशीवर वळवा), आणि तो वजनाचा कागद, गोळ्यांच्या पट्ट्या, मागचं डिस्चार्ज कार्ड एकाच पिशवीत दाराजवळ टांगून ठेवा, म्हणजे रात्री दोन वाजता शोधाशोध होणार नाही.