किंगस्नेकचं पिल्लू पाळताय? या चुका टाळा

किंगस्नेक या बिनविषारी सापाचं पिल्लू चावलं की बहुतेक जण लगेच म्हणतात, हे रागीट आहे. रागीट नसतं हो ते, एकतर घाबरलेलं असतं नाहीतर भुकेलं, आणि हा फरक ओळखता आला की निम्मे प्रॉब्लेम तिथेच सुटतात. घाबरलेलं पिल्लू मान आखडून घेतं, शेपटी थरथरवतं, झटकन तोंड मारून सोडून देतं आणि वर हातावर घाण वासाचं काहीतरी सोडतं. भुकेलं मात्र जीभ आत-बाहेर करत हाताकडे येतं आणि एकदा पकडलं की चघळत बसतं, सोडतच नाही. ही जात जंगलात दुसरे साप, अगदी विषारी रॅटलस्नेकसुद्धा खाते, त्यामुळे खायची हाव जबरदस्त. म्हणूनच दोन पिल्लं एकत्र कधीच ठेवू नका, एक दुसऱ्याला गिळतं.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे खायला द्यायच्या उंदराला लावलेला हात तसाच टँकमध्ये (सापाच्या पेटीत) घालणं. हात आधी साबणाने धुवा, साल्मोनेला या आजार पसरवणाऱ्या जंतूंमुळे नंतरही धुवा. उचलण्याआधी हूकने (साप हाताळायच्या आकड्याच्या काठीने) अंगाला हलकेच स्पर्श करा, दर वेळी असं केलं की हूक लागला म्हणजे जेवण नाही हे त्याला कळायला लागतं. वरून झडप घालू नका, खालून आधार देत उचला. तरी पकडलंच तर ओढू नका, बारीक दात तुटतात, गार पाण्याच्या धारेखाली हात धरा, सोडतं.

नवीन आणलेल्याला 5-7 दिवस अजिबात हात लावू नका. खाल्ल्यावर 48 तास तरी नाहीच, नाहीतर उलटी होते.

खायला 5-7 दिवसांनी एक पिंकी (उंदराचं नुकतंच जन्मलेलं, केस नसलेलं पिल्लू) पुरते, जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी किंवा किंचित जास्त. फ्रोजन पिंकी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात कोमट करा आणि चिमट्यानेच द्या. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजते किंवा फुटते.

खात नाहीये? लोक लगेच घाबरून रोज पिंकी नाचवत बसतात आणि पिल्लू आणखीच बिथरतं. आधी टेंपरेचर बघा, गरम बाजू 29-31 अंश आणि थंड बाजू साधारण 24 हवी, टँकखालच्या हीट मॅटला (गरम करणाऱ्या चटईला) थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आपोआप आटोक्यात ठेवणारं यंत्र, हवाच, नाहीतर पोट भाजतं. डोळे दुधाळ दिसत असतील तर कात टाकायची वेळ आलीये, तेव्हा बरेचसे खात नाहीत, थांबा. टँक मोठा आणि मोकळा असेल तर दोन्ही बाजूंना लपायला घट्ट जागा द्या, कारण उघड्यावर पिल्लाला सुरक्षित वाटत नाही आणि मग ते खात नाही.

उलटी झाली तर पुढचे 10-14 दिवस फक्त पाणी, मग नेहमीपेक्षा लहान पिंकी. पुन्हा झाली तर वाट बघू नका, सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या व्हेटकडे न्या.