पहिली ड्रिफ्ट आरसी घेताय? आधी फरशी बघा आणि या चुका टाळा

माझी पहिली ड्रिफ्ट आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी आणि वळणावर मुद्दाम तिरकी घसरणारी छोटी गाडी, नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जेमतेम दहा-बारा मिनिटं चालली. ऑनलाइन मागवलेली, १/१० मापाची (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी), वर निसान सिल्व्हियासारखी बॉडी आणि खोक्यावर ठळक अक्षरात ‘ड्रिफ्ट’. खाली पेव्हर ब्लॉक. दोन ब्लॉकमधल्या प्रत्येक फटीवर गाडी टणकन उडायची, तिरकी व्हायच्या ऐवजी खडखडत सरळ जायची. शेवटी कडेच्या कट्ट्याला धडकली आणि स्टीअरिंगची काडी मोडली. विकणाऱ्याला विचारलं तर उत्तर आलं, “सर, पार्ट सुटे येत नाहीत, नवीन गाडीच घ्या.”

बरेच दिवस मी गाडीलाच शिव्या घालत होतो. नंतर तीच गाडी, काडी जुगाड करून बसवलेली, एका मित्राच्या बेसमेंटमधल्या गुळगुळीत ट्रायमिक्स काँक्रीटवर चालवली आणि ती लोण्यासारखी सरकली. तेव्हापासून कुणीही “कोणती गाडी घेऊ?” असं विचारलं की मी उलट विचारतो, “चालवणार कुठे?”

फरशी न बघता गाडी घेणे

ड्रिफ्ट आरसीचे टायर रबराचे नसतात, कडक प्लास्टिकचे असतात. पकड कमी म्हणूनच गाडी घसरते. त्यामुळे अर्धी गाडी म्हणजे खालची जमीन. नाशकातल्या नेहमीच्या जागा बघू. पेव्हर ब्लॉक बाद. गच्चीवरच्या चायना चिप्स बाद. कॉलनीतला डांबरी रस्ता चालतो, पण टायर साबणासारखे झिजतात आणि प्रत्येक खड्याला गाडी दचकते. जुन्या घराच्या ओसरीवरची शहाबादी फरशी दिसायला बरी, पण पातळी एकसारखी नसते. पॉलिश केलेला कोटा उत्तम. व्हिट्रिफाइड टाइल्सही छान, फक्त कोरड्या आणि झाडलेल्या हव्यात. सगळ्यात भारी म्हणजे बेसमेंटचं किंवा गोडाऊनचं गुळगुळीत काँक्रीट.

परीक्षा सोपी आहे. तळहात जमिनीवर दाबून फूटभर ओढा. हात सोलवटला तर टायरचंही तेच होणार.

मग माप ठरवा. १/१० मध्ये चेसिस (गाडीचा सांगाडा), टायर, बॉडी, सुटे भाग सगळं सहज मिळतं, पण तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, साधारण २५७ मिमी असतो आणि बॉडी धरून लांबी दीड फुटाच्या घरात जाते. टू बीएचकेच्या हॉलमध्ये ती वळायच्या आधी टीव्हीच्या टेबलाला भिडते. फक्त घरातच चालवायची असेल तर १/२८ घ्या. तळहातापेक्षा थोडी लांब गाडी, हॉलच्या टाइल्सवर चपलांचे जोड ठेवून ट्रॅक तयार. यात काही कमीपणा नाही. क्योशो कंपनीच्या मिनी-झेड या अशाच छोट्या गाड्यांवर मोठी माणसं वर्षानुवर्षं रमलेली असतात.

फोर व्हील की रिअर व्हील, हे न समजता घेणे

फोर व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना मोटरचा जोर असलेली गाडी, पहिल्या दिवसापासून घसरते, गिरक्या कमी घेते आणि नवशिक्याला लगेच आनंद देते. टामियाची टीटी-०२डी या जातीची. पण पुढची चाकंही गाडीला ओढत असल्यामुळे उलटं स्टीअरिंग फारसं मारावं लागत नाही. खऱ्या ड्रिफ्टमध्ये गाडीचं नाक एकीकडे आणि चाकं दुसरीकडे असं जे चित्र दिसतं, ते इथे अर्धवटच मिळतं. रिअर व्हील ड्राइव्हमध्ये, म्हणजे जोर फक्त मागच्या चाकांना असला की, ते पूर्ण मिळतं. योकोमोची वायडी-२, एमएसटीची आरएमएक्स या तशा गाड्या. त्यांना स्टीअरिंगचा गायरो, म्हणजे गाडी घसरली हे ओळखून पुढची चाकं आपोआप उलटी वळवणारी छोटी डबी, मात्र लागतोच. गायरोशिवाय ही गाडी चालवणं म्हणजे ओल्या शेवाळावर सायकल.

माझं मत विचाराल तर मुलासाठी किंवा नुसती चव घ्यायला फोर व्हील ठीक आहे. छंद म्हणून पुढे जायचं असेल तर थेट रिअर व्हील घ्या. दोनदा खर्च करण्यापेक्षा पहिला आठवडा गिरक्या खाल्लेल्या परवडल्या.

गायरो उलटा

ही चूक इतकी होते की हिच्यावर जरा थांबतो. गेल्या दिवाळीत भाचा नवी रिअर व्हील गाडी घेऊन आला. चेहरा पडलेला.

“मामा, ही नुसती गोल फिरते. थ्रॉटल दिला की गरकन. बिघडलेली दिली वाटतं.”

गाडी हातात घेतली, चालू केली आणि तिचं नाक डावीकडे फिरवलं. पुढची चाकंही डावीकडेच वळली. म्हणजे गाडी घसरायला लागली की गायरो तिला सावरायच्या ऐवजी आणखी ढकलत होता. नाक डावीकडे गेलं तर चाकं आपोआप उजवीकडे वळली पाहिजेत, म्हणजे ती मूळ दिशेलाच बघत राहतात. गायरोवरचं रिव्हर्सचं बटण फिरवलं आणि पाच मिनिटांत पठ्ठ्या हॉलमध्ये खुर्चीभोवती आठचा आकडा काढत होता.

यातली गोम अशी, की रिमोटवरही स्टीअरिंग रिव्हर्सचा स्विच असतो आणि लोक तो फिरवत बसतात. त्याने फक्त रिमोटचं चाक उलटं होतं, गायरोची दिशा तशीच राहते. म्हणून क्रम पाळा. आधी रिमोटने डावं म्हणजे डावं होतंय का ते बघा, मग गायरोची दिशा तपासा.

गायरोची आणखी दुखणी:

- पुढची चाकं सरळ जाताना थरथरतात: गेन, म्हणजे गायरो किती जोराने चाकं वळवतो ते सेटिंग, जास्त आहे. थरथर थांबेपर्यंत हळूहळू कमी करा. तरीही थांबली नाही तर स्टीअरिंगच्या सांध्यांत ढिलाई शोधा.
- दिशा बरोबर असूनही गाडी गिरकी घेते: गेन कमी आहे, नाहीतर तुमचं बोट जड आहे. रिमोटवर थ्रॉटलची मर्यादा साठ-सत्तर टक्क्यांवर आणून शिका.
- रोज सरळपणा बदलतो: गाडी हातात हलवत चालू केलीत. बहुतेक गायरो चालू होतानाच आपला शून्य ठरवतात, म्हणून जमिनीवर ठेवून चालू करा आणि दोन-तीन सेकंद हात लावू नका.
- सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) तापून जळाला: साधा ॲनालॉग सर्व्हो लावून गायरो डिजिटलच्या वेगावर ठेवला होता. ड्रिफ्टला वेगवान डिजिटल सर्व्होच घ्या. स्वस्त, संथ सर्व्होला गायरोचे हुकूम झेपत नाहीत.

टायरमध्ये काटकसर, तीही भलत्या ठिकाणी

चारही टायर एकाच जातीचे हवेत. दोन जुने, दोन नवे, किंवा मागे जास्त कडक अशी सरमिसळ सुरुवातीला करू नका. नाहीतर चूक गाडीची की तुमची, हेच कळत नाही. गालिचा, काँक्रीट, डांबर यांसाठी वेगवेगळे टायर मिळतात, आपल्या फरशीचेच मागवा.

बाहेरून टायर यायला वेळ लागतो, तोवर नाशिककरांकडे एक हुकमी इलाज आहे: शेतीचा पीव्हीसी पाईप. १/१० च्या रिमचा व्यास साधारण ५२ मिमी असतो, आणि ६३ मिमीचा पाईप ड्रिफ्ट टायरच्या बाहेरच्या मापाला जवळपास जुळतो. द्राक्षबागायतदार ओळखीचा असेल तर तुकडा फुकट. तो घेऊन मी अंबडच्या एका लेथवाल्याकडे गेलो. २६ मिमी रुंदीच्या चार रिंगा काप, म्हटलं, आणि कडांना चॅम्फर मार, म्हणजे कडा घासून जरा उतरत्या कर.

“कशाला पाहिजे?”

“गाडीला.”

“कुठली गाडी?”

पिशवीतून काढून दाखवली. त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं, चाक फिरवून बघितलं आणि कडा अशा सफाईने गोल करून दिल्या की विकतच्या टायरची आठवण झाली. रिमवर टेपचे वेढे देऊन जाडी वाढवायची आणि रिंग घट्ट बसवायची. वेढे सगळीकडे सारखे पडले नाहीत तर चाक लंगडतं. करवतीने घरी कापायचा मोह टाळा, माप वाकडं येतं. चॅम्फर नसेल तर कड टाइल्सच्या सांध्यात अडकते.

आणि टायर पुसा. मे महिन्यात पार्किंगमध्ये जी बारीक धूळ बसते, ती चिकटली की एका बाजूची पकड बदलते आणि तुम्ही उगाच सेटिंग बदलत बसता. मागच्या ॲक्सलला केस गुंडाळलेत का, तेही बघा.

किटची किंमत म्हणजे गाडीची किंमत समजणे

किटमध्ये बहुतेक वेळा फक्त चेसिस येते. मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), सर्व्हो, गायरो, रिमोट-रिसीव्हर, बॅटरी, चार्जर आणि बॉडी वेगळं. रंगसुद्धा वेगळा, आणि पॉलीकार्बोनेटची बॉडी आतून रंगवतात. सगळ्याची बेरीज एका कागदावर मांडा, मगच ऑर्डर करा. जोडायचा कंटाळा असेल तर तयार गाडी घ्या, पण तिचे सुटे भाग वेगळे विकत मिळतात का हे आधी बघा. माझी काडी आठवा.

मोटर घेताना “जास्त वेगाची द्या” म्हणू नका. ब्रशलेस मोटरवर टर्नचा आकडा असतो. आकडा लहान तेवढी मोटर वेगवान. ड्रिफ्टला १०.५ किंवा १३.५ टर्नची सेन्सर्ड मोटर पुरे. सेन्सरमुळे ती कमी वेगात हिसके देत नाही, आणि ड्रिफ्टचं सगळं काम तिथेच आहे.

बॅटरीशी खेळ

गाडीला लागते २एस लायपो, म्हणजे दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी, ७.४ व्होल्ट. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्ट. एखादा सेल ३ व्होल्टच्या खाली एकदा जरी गेला तरी बॅटरी खराब होऊ शकते, म्हणून ईएससीवर लायपोचा कटऑफ (व्होल्टेज उतरलं की मोटर थांबवणारी सोय) चालू आहे का ते पहिल्याच दिवशी तपासा. चार्जर निकेल बॅटरीच्या मोडवर ठेवून लायपो लावणं हा आगीला आमंत्रण देणारा प्रकार आहे. मोड दोनदा वाचा, बॅलन्सची (सगळे सेल सारखे भरणारी) पांढरी पिन लावा आणि ४००० एमएएच क्षमतेच्या बॅटरीला ४ अँपियरपेक्षा जास्त देऊ नका. चालवून आल्यावर बॅटरी गरम असते, ती गार होऊ द्या. मी चार्जिंग बाल्कनीत, मातीच्या रिकाम्या कुंडीत ठेवून करतो. बायको हसते, हसू दे.

आठवडाभर चालवणार नसाल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा, चार्जरमध्ये स्टोरेजचा पर्याय असतो. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हाळ्यात बंद कारच्या डिकीत विसरली की ती फुगते. फुगलेली बॅटरी टोचून, दाबून सपाट करू नका आणि पुन्हा चार्जलाही लावू नका.