बाळंतपणाच्या पिशवीतले विम्याचे कागद

दुपटी, टोपरी, लंगोट भरून झाले की त्याच दिवशी विम्याची पॉलिसी काढा आणि मॅटर्निटीचं पान नीट वाचा. बाळाला पहिल्या दिवसापासून विमा लागू आहे का, ते तिथेच कळतं. स्वतः घेतलेल्या पुष्कळ पॉलिसींत बाळाचं नाव नव्वद दिवसांनंतरच घेतात. 'आरोग्य संजीवनी' या सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच मिळणाऱ्या पॉलिसीतसुद्धा मुलं तीन महिन्यांची झाल्यावरच घेतात, आणि बाळंतपणाचा खर्च त्यात मिळत नाही. दिवस गेल्यावर मॅटर्निटी घेऊन या खेपेला उपयोग नसतो, तिचा वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यापासून खर्च मिळायला लागेपर्यंतचा काळ, बहुधा नऊ महिन्यांहून जास्तच असतो.

नवरा मुंबईला चाकरमानी, बायको माहेरी. आपल्याकडे घरोघरी हेच. म्हणून हे लक्षात ठेवा: बाळ चिपळुणात जन्मलं तर जन्माची नोंद चिपळूणच्या नगरपरिषदेत होते, मुंबईत नाही की सासरच्या ग्रामपंचायतीत नाही. २१ दिवसांच्या आत ती फुकट होते. नोंद हॉस्पिटल कळवतं, पण फॉर्मवरची आईवडिलांची नावं आधारकार्ड समोर धरून तुम्हीच अक्षर न् अक्षर ताडून बघा. माझ्या भाचीच्या दाखल्यात आईच्या नावाचं एक अक्षर चुकलं, विमावाल्यांनी अर्ज परत केला आणि ऐन जुलैच्या पावसात गुहागरहून तीन खेपा झाल्या, तान्ही पोर घरी ठेवून.

बारशासाठी थांबू नका. नावाशिवायही नोंद होते, नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत मात्र बाळाला घ्यायची मुदत ठरलेली असते, बऱ्याच ठिकाणी ३० दिवस. ती हुकली तर बाळ नूतनीकरणापर्यंत विम्याबाहेर राहू शकतं. तेव्हा बाबाने जन्माच्या दिवशीच एचआरला मेल टाकावा: जन्मतारीख, मुलगा की मुलगी, हॉस्पिटलचं नाव. दाखला मागाहून पाठवता येतो का, तेही त्याच मेलमध्ये विचारावं.

विमा नसेल तर धीर सोडू नका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाला वर्षाचं होईपर्यंत सरकारी रुग्णालयात उपचार आणि औषधं मोफत आहेत, गाडीसाठी १०२. महात्मा फुले योजना ही राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना, तिच्यासाठी रेशनकार्ड हाताशी असलेलं बरं. ते गावच्या कपाटात असेल तर आठव्या महिन्याच्या आत माहेरी आणून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून.