क्लाउडस्टॅकसाठी स्वतःचा सिस्टम व्हीएम टेम्प्लेट कसा तयार करावा

अपाचे क्लाउडस्टॅक या क्लाउड उभारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये वापरकर्त्यांच्या व्हीएमखेरीज (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक) काही व्हीएम खुद्द यंत्रणेच्या असतात: टेम्प्लेट व स्नॅपशॉट यांची ने-आण करणारी सेकंडरी स्टोरेज व्हीएम, ब्राउझरमध्ये कन्सोल दाखवणारी कन्सोल प्रॉक्सी आणि डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणे), डीएनएस (नावांवरून पत्ते शोधणे), फायरवॉल, व्हीपीएन सांभाळणारा व्हर्च्युअल राउटर. या तिन्ही एकाच टेम्प्लेटमधून, म्हणजे डेबियन लिनक्सवर आधारित तयार डिस्क प्रतिमेतून, उभ्या राहतात. त्यांत मॉनिटरिंग एजंट किंवा संस्थेची अंतर्गत प्रमाणपत्रे हवी असली, की चालू राउटरमध्ये लॉगिन करून ती बसवण्याचा मोह होतो. परंतु नेटवर्क ‘क्लीनअप’सह रीस्टार्ट केले, की राउटर नव्याने तयार होतो आणि केलेले बदल नाहीसे होतात. म्हणून बदल टेम्प्लेटमध्येच करावेत, आणि तेही तयार डिस्क उघडून नव्हे, तर अधिकृत टेम्प्लेट ज्या स्क्रिप्टांनी बनतो, त्यांच्याच आधारे.

या स्क्रिप्ट क्लाउडस्टॅकच्या सोर्समध्ये ‘टूल्स’खालील ‘अप्लायन्स’ या फोल्डरमध्ये आहेत. आपल्या मॅनेजमेंट सर्व्हरची (क्लाउडचे नियंत्रण करणारा सर्व्हर) जी आवृत्ती असेल, तिचाच टॅग गिटमधून चेकआउट करावा. बिल्ड करण्याच्या यंत्रावर व्हीएम चालवणारे केव्हीएम व क्यूईएमयू आणि डिस्क प्रतिमा आपोआप बनवणारे पॅकर असावे लागते. ते यंत्र स्वतः व्हीएम असल्यास त्यात नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन (व्हीएमच्या आत व्हीएम चालवण्याची सोय) सुरू असावे. पॅकर डेबियनची आयएसओ (इन्स्टॉल करण्याची डिस्क प्रतिमा) उतरवतो, इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहिलेल्या प्रीसीड फाइलच्या आधारे विनासायास इन्स्टॉल करतो आणि मग एकेक शेल स्क्रिप्ट चालवतो. डेबियनची नवी पॉइंट आवृत्ती आली, की जुनी आयएसओ संग्रहात हलवली जाते आणि बिल्ड पहिल्याच पायरीवर अडते. अशा वेळी पॅकरच्या फाइलमधील पत्ता बदलावा, आणि आयएसओच बदलली असेल तर चेकसमही (फाइलची पडताळणी करणारा आकडा) बदलावा.

आपली भर मूळ स्क्रिप्टांमध्ये मिसळू नये. वेगळी स्क्रिप्ट लिहून ती पॅकेज बसवणाऱ्या स्क्रिप्टनंतर आणि साफसफाईच्या स्क्रिप्टआधी जोडावी, म्हणजे पुढच्या आवृत्तीला तीच उचलून नेता येते. मात्र ती जोडण्याआधी एकदा काहीही न बदलता बिल्ड करून पाहणे फायद्याचे ठरते, कारण पुढे बिघाड झालाच, तर तो आपल्या भरीमुळे आहे की बिल्ड यंत्रामुळे, हे लगेच कळते.

खरी काळजी घ्यावी लागते ती काय काढू नये याची. मॅनेजमेंट सर्व्हर आणि व्हीएम चालवणारे होस्ट हे सिस्टम व्हीएमशी एसएसएचने ३९२२ या पोर्टवर बोलतात. सुरक्षा कडक करण्याच्या भरात हे पोर्ट बदलले किंवा रूट लॉगिन पूर्ण बंद केले, तर व्हीएम चालू दिसते, पण तिचे कॉन्फिगरेशन होत नाही. केव्हीएमवर सुरुवातीची माहिती क्यूईएमयू गेस्ट एजंटमार्फत आत जाते, म्हणून तोही ठेवावा. इंटरफेसना ‘ईटीएच शून्य’, ‘ईटीएच एक’ अशी जुन्या पद्धतीची नावे देणारी ग्रबमधील (बूट लोडरमधील) सोय हटवू नये, कारण राउटरच्या पायथन स्क्रिप्ट याच नावांवर चालतात. जावाची आवृत्तीही त्या रिलीजला लागते तीच असावी. डीएनएसमास्क (डीएचसीपी व डीएनएस पुरवणारे) किंवा एचएप्रॉक्सी (लोड वाटणारे) यांच्या पोर्टांवर हक्क सांगणारे कोणतेही पॅकेज टाळावे.

बिल्ड झाल्यावर केव्हीएमसाठी क्यूकाऊ२ या प्रकारची डिस्क प्रतिमा मिळते. ती ॲडमिन खात्यातून, वेगळ्या आणि आवृत्ती सांगणाऱ्या नावाने, ‘राउटिंग’ पर्याय निवडून रजिस्टर करावी. मग ‘राउटर डॉट टेम्प्लेट डॉट केव्हीएम’ या सेटिंगमध्ये तेच नाव द्यावे. हे सेटिंग झोनपुरते (क्लाउडच्या एका विभागापुरते) बदलता येते, त्यामुळे आधी चाचणीचा झोन निवडणे शहाणपणाचे आहे. तेथे एक आयसोलेटेड (स्वतःचा राउटर असलेले) नेटवर्क क्लीनअपसह रीस्टार्ट करून डीएचसीपी, नावांचे रिझोल्यूशन, पोर्ट फॉरवर्डिंग आणि वापरात असल्यास व्हीपीएन तपासावे. काही बिघडल्यास सेटिंगमध्ये जुने नाव घालून पुन्हा रीस्टार्ट करणे पुरते.

सेकंडरी स्टोरेज व्हीएम आणि कन्सोल प्रॉक्सी मात्र ‘सिस्टम’ प्रकारचा म्हणून नोंदलेला टेम्प्लेट घेतात, म्हणून राउटरची खात्री पटेपर्यंत त्यांना हात लावू नये. तो टेम्प्लेट बदलण्याआधी डेटाबेसचा बॅकअप घ्यावा, आणि नवी सेकंडरी स्टोरेज व्हीएम उभी राहिल्यावर तिच्यातच असलेली तपासणी स्क्रिप्ट चालवून डीएनएस, एनएफएस माउंट (नेटवर्कवरील सामायिक स्टोरेजची जोडणी) आणि मॅनेजमेंट सर्व्हरशी जोडणी ठीक आहे, हे पाहावे.